शाल नको, उपदान द्या

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सुनेने कॉम्प्युटरवर चक्क चादर टाकून ठेवली होती. आता दिसतंय सगळं स्वच्छ. कदाचित म्हणूनच चिडचिडही वाढली असेल!

विषय असा. आमच्या बदलापुरातल्या एका मंडळाने "आरोग्य कर्मचाऱ्यांप्रति कृतज्ञता सोहळा" ठेवला होता आणि मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. निवृत्त शिक्षिका, वयाने मोठी, भाषण बरं करते, शिवाय मानधन मागत नाही, म्हणून. मी नाही म्हटलं. ते कसं कोण जाणे नातेवाइकांत पसरलं. पुण्याच्या भाचीचा फोन आला, "मावशी, तू आशाताईंच्या विरोधात कधीपासून गेलीस?" नाशिकच्या दिरांनी तर फॅमिली ग्रुपवर दोन हात जोडलेली चित्रं टाकली, म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. एकेकाला फोनवर समजावण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते.

निमंत्रणपत्रिकेत तीन शब्द ठळक छापले होते : कृतज्ञता, निःस्वार्थ सेवा, टीमवर्क. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. शब्द समोर आला की आधी त्याची फोड करायची सवय हाताला लागलेली आहे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने आपल्यासाठी काय केलं हे ज्याला माहीत आहे तो कृतज्ञ. नारळ-शाल या शब्दात कुठेही नाही. माहिती आहे. मग मी पत्रिका घेऊन आलेल्या त्या तरुण मुलांना विचारलं, "आपल्या भागातली आशा दिवसभर काय करते, सांगाल?" एक जण म्हणाला, "पोलिओचे डोस देते ना, आजी." बस्स. एवढ्या माहितीवर कृतज्ञता!

मला थोडी जास्त माहिती आहे, कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी आशा आहे. अंबरनाथच्या शाळेत माझ्या वर्गात होती. निबंधात ऱ्हस्व-दीर्घाची हमखास गोची, पण अक्षर मोत्यासारखं. आता बदलापूर पश्चिमेला एका वस्तीत काम करते. नाव लिहीत नाही, तिला त्रास नको. अजूनही मला "बाई" म्हणते आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. मी रागावते, तेव्हा बसते.

तिच्या पिशवीत वह्या असतात. गरोदर बाई शोधायची, तीही बारा आठवड्यांच्या आत. नवी सून दिवस गेल्याचं घरातसुद्धा लवकर सांगत नाही, आणि हिने मात्र नोंद करायची. मग तपासण्या, लोहाच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून बाई त्या खिडकीतून टाकून देते, ते ओळखायचं. बाळंतपणाला दवाखान्यात न्यायचं. बाळ घरी आलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. वजन, ताप, दूध ओढतंय का, नाळ कशी आहे. शिवाय लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या, कुष्ठरोगाचा सर्व्हे, पावसाळ्यात डेंग्यूसाठी पिंप बघणं, आयुष्मान कार्ड, आणि हे सगळं पुन्हा मोबाइलवर भरणं. रेंज नसेल तर रात्री घरी बसून.

या बेचाळीस दिवसांच्या फेऱ्यांबद्दल थोडं थांबते, कारण ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. घरोघर जाऊन नवजात बाळाची काळजी कशी घ्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, श्वास कसे मोजायचे. तीन वर्षांत तिथला नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली ते संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मोठं यंत्र नाही, काचेची इमारत नाही. गावातली बाई, घड्याळ, वजनकाटा आणि वेळेवर मारलेली फेरी. पुढे देशभरातल्या आशांच्या कामात हे आलं. आता त्याचा मोबदला ऐका. केंद्राच्या दरपत्रकात सहा फेऱ्या पूर्ण केल्यावर २५० रुपये. भागाकार करा, एका फेरीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. जगाने डोक्यावर घेतलेल्या शास्त्राची ही आपल्याकडची किंमत.

आता 'टीमवर्क'. हा शब्द मला कृतज्ञतेहून जास्त खटकला, आणि गंमत म्हणजे तो खराही आहे. टीम आहेच. मी डोळ्यांनी बघितलेली आहे. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला तेव्हाची गोष्ट. २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी होते, टीव्हीवर दिवसभर तेच. ते दाखवायलाच हवं होतं, आणि ज्यांनी त्यांना सुखरूप बाहेर काढलं त्यांना माझा नमस्कार. पण पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या वस्त्यांत चिखल राहिला तेव्हा कॅमेरे गेले होते. लेप्टो होऊ नये म्हणून गोळ्या वाटत फिरणाऱ्या बायका तेव्हा आल्या. आशा, अंगणवाडी सेविका, नर्सबाई, आणि एक आरोग्य सेवक पाण्यात टाकायचं औषध घेऊन. कुणाच्या घरात गरोदर बाई आहे हे आशेला पाठ होतं, कुणाचं मूल कुपोषित आहे हे अंगणवाडीच्या ताईंना. नर्सबाईंनी त्या दोघींना विचारून गोळ्या दिल्या. एकीची वही भिजून लगदा झाली होती, तर दुसरीच्या वहीवरून यादी परत लिहून काढली. रस्त्यावर उभ्या राहून! हे टीमवर्क.

आणि त्या एकमेकींचे आभार कसे मानतात माहीत आहे? मानतच नाहीत. माझी विद्यार्थिनी सांगत होती, "बाई, माझ्या मुलीची दहावीची परीक्षा होती तेव्हा शेजारच्या भागातल्या ताईने माझ्या तीन फेऱ्या मारल्या. तिच्या सासूला ॲडमिट केलं तेव्हा मी तिच्या केल्या." वही नाही, हिशेब नाही, भाषण नाही. रात्री अपरात्री १०८ चा ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी अडतो आणि बाईला खुर्चीत बसवून उचलून आणावं लागतं, तेव्हा खुर्चीचा एक पाय तो धरतो. ते त्याचं काम नाही. ती त्याला पुढच्या वेळी चहा पाजते. जोखमीची बाळंतीण इथून उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जाते, कधी तिथून पुढे कळव्याला किंवा शीवला. अशा वेळी कुठल्या वॉर्डातल्या मावशी मायेच्या आहेत, कोणत्या सिस्टर रात्री फोन उचलतात, हे या बायकांना तोंडपाठ असतं. ही साखळी कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेली नाही. तिच्यावर आपली शहरं चालली आहेत.

आपली तिन्ही शहरं म्हणजे काही सोपं प्रकरण नाही हो. उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर लष्कराच्या छावणीत सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं, १९४९ ला 'उल्हासनगर' असं नाव मिळालं, तरी आजही पत्ता सांगताना माणूस कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतो. त्या बराकींच्या जागी इमारती आल्या, त्यांतल्या कित्येक धोकादायक ठरल्या. २०२१ च्या मे महिन्यात तिथे दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. इमारत रिकामी झाली की कुटुंबं चार दिशांना पांगतात. ज्या बाळाला दहाव्या आठवड्याचं इंजेक्शन द्यायचं आहे ते आता कुठे आहे? हे कॉम्प्युटरला माहीत नसतं, आशेला माहीत असतं. ती सिंधी दादीशी हिंदीत, भाड्याने राहणाऱ्या उत्तर प्रदेशच्या भाभीशी तिच्या ढंगात आणि ऑफिसात मराठीत बोलते. अंबरनाथला कारखान्यांच्या आसपासच्या चाळींत माणसं दर सहा महिन्यांनी बदलतात. आणि बदलापूरच्या पलीकडे बारवी धरणाच्या अंगाला कातकरी, ठाकर वाड्या आहेत, तिथली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जातात. एकाच पट्ट्यात महानगराचा आणि डोंगराचा, दोन्हींचा आजार.

तर मग टीम आहे, हे कबूल. माझा प्रश्न पुढचा आहे. या टीममध्ये महिनाअखेरीला काय होतं? डॉक्टरांना मिळतं ते वेतन. कायम नर्सबाईंना वेतन. कंत्राटी नर्सबाईंना 'एकत्रित मानधन'. अंगणवाडीच्या ताईंना 'मानधन'. आणि आशेला मिळतो तो 'मोबदला', म्हणजे जेवढ्या केस तेवढे पैसे. एकच टीम, एकच बाळंतीण, आणि पैशाला चार वेगवेगळी नावं. बक्षीस घ्यायच्या वेळी साहेब स्टेजवर म्हणतात, "हे माझ्या एकट्याचं नाही, टीमचं यश आहे." आकडे कमी आले की मात्र नोटीस कुणाच्या नावाने निघते? ज्या टीममध्ये शाबासकी सगळ्यांची, बोलणी शेवटच्या माणसाची आणि पगार पहिल्या माणसाचा, तिला आमच्या वेळी शाळेत वेगळा शब्द होता. तो इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतात.

'मानधन' हा शब्द तर मला फार लबाड वाटतो. व्याख्यात्याला देतात ते मानधन. एक तास बोलायचं आणि पाकीट घेऊन घरी जायचं. रोज सकाळी पिशवी अडकवून जी बाई पंधरा-वीस वर्षं निघते, तिच्या पैशाला मानधन म्हणायचं कारण एकच : वेतन म्हटलं की त्याच्यामागे किमान वेतन येतं, रजा येते, भविष्य निर्वाह निधी येतो. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून 'आशा' आली, आणि तिला पहिल्यापासून 'स्वयंसेविका' म्हटलं गेलं. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने, ज्यात सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघेही बसतात, शिफारस केली की अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या. त्यालाही आता दशक उलटून गेलं.

मधल्या काळात सत्कार मात्र भरपूर झाले. २२ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांना 'ग्लोबल हेल्थ लीडर्स' पुरस्कार दिला. जिनिव्हात लीडर, बदलापुरात स्वयंसेविका! मला त्या पुरस्काराचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, याच बायका महाराष्ट्रात संपावर गेल्या होत्या, कोरोनाची दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच. आणि पुरस्कारानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा. नोव्हेंबरात ७ हजार रुपये वाढीचं आश्वासन मिळालं, संप मिटला, आदेश निघाला नाही. १२ जानेवारी २०२४ पासून परत संप, फेब्रुवारीत आझाद मैदानात रात्रंदिवस मुक्काम. शेवटी मार्चमध्ये ५ हजारांची वाढ मंजूर झाली. मंजूर झाली हे चांगलंच झालं, सरकारला त्याचं श्रेय आहे. पण त्या वाढीसाठी मुलांना घरी टाकून मैदानात झोपावं लागलं, आणि आपल्यापैकी किती कृतज्ञ लोक तिकडे पाण्याची एक बाटली घेऊन गेले? आमच्या ग्रुपवर तर "संप करून रुग्णांना वेठीला धरतात" असा मेसेज फिरत होता. पाठवणारे तेच, ज्यांनी २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता गॅलरीत थाळ्या बडवल्या होत्या.

त्या थाळ्यांचं मला काही वाईट वाटलं नव्हतं. माणसं घाबरलेली होती, आवाज करावासा वाटला, केला. पुढचं वाईट होतं. आमच्याच इमारतीत मुंबईच्या इस्पितळात काम करणारी एक नर्स राहायची. मे महिन्यात तिला लिफ्ट वापरू नका म्हणून सांगण्यात आलं. जिन्याच्या कठड्यालाही हात लावू नका! त्याच सुमारास शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी तिकडेच राहावं, रोज ये-जा करू नये, असा आदेश काढला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली तेव्हा ऑक्सिमीटर घेऊन आलेल्या दोघींना आमच्या वॉचमनने गेटवर अडवलं, "सेक्रेटरी साहेबांना विचारून या." दुपारी, उन्हात.

आता समोरच्यांचं म्हणणं. माझ्या दिरांचंच घेते, म्हणजे भांडण घरातलं राहील. ते म्हणतात, "वहिनी, सेवेला पैशात मोजू नये. जामखेडला आरोळे डॉक्टरांच्या बायका कुठे पगार घेत होत्या?" मुद्दा चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं, १९७९ ला त्या दोघांना मॅगसेसे मिळालं. तिथे नोकरीसारखा पगार नव्हता, हे खरं. पण तिथे त्या बायकांना ठरावीक वाराला बोलावून, डॉक्टरांच्या बरोबरीने बसवून शिकवत. त्यांचं म्हणणं ऐकून काम ठरत असे. कर्ज, बचत, स्वतःचा धंदा यांना हात दिला जात असे. वर सही करणारा कुणी अनोळखी साहेब नव्हता आणि रोज रात्री भरायचं ॲप नव्हतं. तुम्हाला जामखेडसारखं बिनपगारी काम हवं असेल तर जामखेडसारखा मानही द्या आणि निर्णयही तिच्या हातात द्या. काम सरकारी, वेळापत्रक सरकारी, नोटीस सरकारी, आणि सेवाभाव तेवढा तिच्या पदरचा, हे चालायचं नाही.

दुसरा आक्षेप : "दिवसाचे तीन-चार तासांचं तर काम." कागदावर तसंच होतं खरं. बाळाने किती वाजता जन्माला यायचं हे त्या कागदावर लिहिलेलं नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच पेशातल्या एका मैत्रिणीचा. "पैसे वाढले की आपुलकी जाते." अगं, मग आपली गेली का? आपल्याला पाचवा वेतन आयोग मिळाला तेव्हा आपण मुलांना कमी प्रेमाने शिकवलं? उलट महिन्याच्या वीस तारखेला उसने मागायची वेळ थांबली आणि वह्या शांतपणे तपासता आल्या.

आणि इथेच माझ्या मनातला खरा मुद्दा येतो. मी निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मला शाल मिळाली, चांदीचा करंडा मिळाला, मुलींनी रडून गोंधळ घातला. ते सगळं छान होतं. पण तीन महिन्यांनी बँकेत उपदानाची रक्कम जमा झाली. ग्रॅच्युइटी. त्यातून या घराचं उरलेलं कर्ज फिटलं. हा इंग्रजी शब्द बघा, 'ग्रॅटिट्यूड' आणि 'ग्रॅच्युइटी' एकाच लॅटिन मुळाचे. कृतज्ञता रुपयांत मोजली की तिला ग्रॅच्युइटी म्हणतात. (त्याच मुळाचा तिसरा भाऊ 'ग्रॅटिस', म्हणजे फुकट. आपण आशांसाठी नेमका तो निवडलाय.)

२५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ मिळायला हवा. मानधन म्हणा नाहीतर काही म्हणा, कामाच्या बदल्यात मिळतं ते वेतनच, असा त्याचा सरळ अर्थ. माझ्यासारख्या शब्दवेडीला तो वाचून कोण आनंद झाला! आशा मात्र त्या निकालात नाहीत. त्यांच्यासाठी केंद्राने २०२५ मध्ये दरमहाचा ठरावीक मोबदला २ हजारांवरून ३,५०० केला आणि दहा वर्षं काम करून बाहेर पडणाऱ्या आशेला द्यायची रक्कम २० हजारांवरून ५० हजार केली. वाढ आहे, नाकारत नाही. पण ती दहा वर्षांनाही पन्नास आणि वीस वर्षांनाही पन्नास. सेवेच्या वर्षांशी तिचा संबंध नाही. म्हणजे ती पुन्हा शालच झाली, फक्त जरा जाड.

म्हणून मी त्या मुलांना सांगितलं होतं, सोहळा करायचाच असेल तर स्टेजवर भाषणाऐवजी एक टेबल ठेवा आणि आशांना, गटप्रवर्तकांना निवृत्तीच्या वेळी सेवेच्या वर्षांप्रमाणे उपदान मिळावं या मागणीवर आलेल्या प्रत्येक माणसाची सही घ्या. ती मुलं वाईट नव्हती. एकमेकांकडे बघून म्हणाली, "आजी, ते राजकारण होईल." शाल राजकारण नाही आणि सही राजकारण, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

तर आता मीच अर्ज लिहिलाय. दोन पानी, शुद्धलेखन तपासलेला. एक प्रत आमदारांना, एक खासदारांना, एक आरोग्यमंत्र्यांना. आमच्या इमारतीतल्या एकोणीस जणांच्या सह्या झाल्या, सेक्रेटरींचीही झाली. उल्हासनगरच्या माझ्या सिंधी मैत्रिणीने कॅम्प चारमधून एकतीस आणल्या, ती माझ्यापुढे आहे हे मला अजिबात सहन होत नाहीये. अंबरनाथला अजून कुणी भेटलेलं नाही. तिथे कुणी ओळखीचं वाचत असेल तर मला मेल टाका, मसुदा पाठवते. छापखान्याचा खर्च माझा.